सात स्टेशनं, चौदा वर्षं

ग्लासगोत जॉर्डनहिल स्टेशनावर पूर्वेकडे जाणारी लोकल पकडली की हाइंडलंड, पार्टिक, एक्झिबिशन सेंटर, अँडरस्टन, सेंट्रल आणि आर्गाइल स्ट्रीट घेत ती ब्रिजटनला पोचते. अर्धा तासही लागत नाही. तिथल्या आरोग्य संशोधकांनी २०११ साली या मार्गाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. लोकलच्या डब्यात दारावर लावतात तसाच दिसणारा, पण त्यातल्या स्टेशनांसमोर लिहिलं होतं ते त्या वस्तीत जन्मणाऱ्या माणसाचं अपेक्षित आयुष्य. जॉर्डनहिलच्या पुरुषाला ७५.८ वर्षं, ब्रिजटनच्या पुरुषाला ६१.९. म्हणजे दर स्टेशनामागे पुरुषांची दोन वर्षं गळतात, आणि बायकांची एकाहून थोडी जास्त.

माझी भाची ग्लासगोच्या पूर्व भागात फॅमिली डॉक्टर आहे. तिकडे जीपी म्हणतात. तिनं हा नकाशा मला फोनवर दाखवला आणि म्हणाली, “मावशी, उद्या आपण याच गाडीनं जाऊ.” गेलो. जॉर्डनहिलला बाहेर झाडांच्या रांगा, बागा राखलेले बंगले. हाइंडलंडला तांबड्या वालुकाश्माच्या चार मजली इमारती, जिन्याच्या भिंतींना हिरव्या-पिवळ्या चकचकीत फरशा. पार्टिकनंतर क्लाइड नदीचा भाग, आणि मग गाडी जमिनीखाली शिरली. डब्यात चढणारी-उतरणारी माणसं बघत होते. पश्चिमेला हातात लॅपटॉपच्या बॅगा होत्या, सेंट्रलला त्या उतरून गेल्या. आर्गाइल स्ट्रीटनंतर डब्यात कुबड्या दिसू लागल्या, आणि माझ्याहून वयानं लहान असावीत अशी, पण माझ्याहून म्हातारी दिसणारी माणसं. हे मी नकाशा बघून मनानं जोडलं असेल असं कुणाला वाटेल. पण समोरच्या बाकावरचा पन्नाशीचा माणूस दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबत होता, ते ऐकायला नकाशा लागत नव्हता.

मला चक्रावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आपल्याकडे गरीब माणूस लवकर मरतो याचं कारण विचारायची वेळ येत नाही. दवाखान्याचं बिल भागवायला जमीन गहाण पडते, मंगळसूत्र मोडलं जातं, आणि पैसे संपले की पेशंटला घरी आणतात. हे आपण सगळ्यांनी आपल्याच नात्यात पाहिलंय. पण ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. डॉक्टरला भेटायला पैसे नाहीत, ऑपरेशनला पैसे नाहीत. स्कॉटलंडमध्ये तर २०११ च्या एप्रिलपासून औषधाच्या चिठ्ठीवरचं शुल्कही गेलं. भाचीबरोबर केमिस्टकडे गेले तेव्हा माझ्यापुढच्या बाईनं काउंटरवरून भरलेली कागदी पिशवी उचलली, “थँक्स” म्हटलं आणि निघाली. माझा हात सवयीनं पर्सकडे गेला होता. श्रीमंत आणि गरीब दोघांना तोच डॉक्टर, तेच हॉस्पिटल, तीच गोळी, आणि तरी सात स्टेशनांत चौदा वर्षं? मग ती वर्षं जातात कुठं?

हा प्रश्न जगासमोर आला तो २००८ साली. सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं आरोग्याच्या सामाजिक कारणांवर मोठा अहवाल दिला, आणि त्यात ग्लासगोच्या कॅल्टन या वस्तीतल्या पुरुषाचं अपेक्षित आयुष्य ५४ वर्षं दाखवलं. काही मैलांवरच्या लेंझी उपनगरात तोच आकडा ८२. अठ्ठावीस वर्षांचा फरक. त्या वेळी भारतीय पुरुषाचं सरासरी आयुष्य साठीच्या पुढे होतं. म्हणजे मराठवाड्यातल्या शेतमजुराला धरूनसुद्धा आपली सरासरी कॅल्टनच्या वर होती. एक गोष्ट सांगायला हवी: कॅल्टन छोटा, आणि बेघर पुरुषांची मोठी वसतिगृहं नेमकी तिथेच होती, त्यामुळे तो आकडा आणखी खाली ओढला गेला. पण बेघर माणसं शहराच्या त्याच कोपऱ्यात का ढकलली गेली, हा प्रश्न उरतोच.

भाचीनं मला नेक्रोपोलिसलाही नेलं. ग्लासगोच्या जुन्या कॅथीड्रलमागे एक टेकडी आहे, तिच्यावर १८३० च्या दशकापासून पुरलेले व्यापारी, कारखानदार, जहाजमालक. सुमारे पन्नास हजार माणसं तिथे पुरली आहेत, पण दिसणारी स्मारकं साडेतीन हजारांच्या आसपास. बाकीच्यांवर साधा दगडही नाही. टेकडीच्या पायथ्याशी रॉयल इन्फर्मरी हॉस्पिटल. तिथेच १८६५ साली जोसेफ लिस्टरनं गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड लावलं आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. एका बाजूला हा दवाखाना, वर ते श्रीमंतांचं कब्रस्तान.

उभे चौकोनी, वर निमुळते होत गेलेले दगडी खांब टेकडीभर आहेत. काही माझ्या कमरेएवढे, काही दोन मजली घराएवढे. ब्रिटिश संशोधकांनी ग्लासगोच्या कब्रस्तानांतले असे शेकडो खांब मोजले आणि १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: खांब जितका उंच, तितकं त्या कुटुंबातलं माणूस जास्त जगलेलं. आणि लक्षात घ्या, हे खांब उभारणारे सगळेच खाऊनपिऊन सुखी होते. दगड घडवून घेण्याची ऐपत नसलेला माणूस या हिशेबात आलाच नाही. म्हणजे सुखवस्तू लोकांतसुद्धा थोडं जास्त सुख असलेला थोडं जास्त जगत होता. मी एका उंच खांबापाशी उभी राहून कोरलेली वयं वाचली, मग शेजारच्या बुटक्याची. एकदोन खांबांनी काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण मी वाचत राहिले. भाचीला मला हाक मारून न्यावं लागलं.

कॅल्टन, ब्रिजटन, पार्कहेड हा ग्लासगोचा पूर्व भाग. इथं विणकर होते. १७८७ साली मजुरी कापली म्हणून कॅल्टनच्या विणकरांनी संप केला आणि सैन्याच्या गोळीबारात काहींनी जीव गमावला. पुढे पार्कहेडला प्रचंड पोलाद कारखाना आला. शहराच्या उत्तरेला स्प्रिंगबर्नमध्ये रेल्वे इंजिनं बनत, आणि हिंदुस्थानातल्या रुळांवर धावलेली कितीतरी वाफेची इंजिनं तिथूनच बोटीनं मुंबईला आणि कलकत्त्याला गेली. क्लाइड नदीवर जहाजं बांधली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या नव्या जहाजांचा मोठा वाटा या एका नदीचा होता. मग हे सगळं एकेक करत बंद पडलं. स्प्रिंगबर्नची इंजिन कंपनी १९६२ मध्ये बुडाली. पोलाद कारखान्याच्या जागेवर १९८८ साली मॉल उभा राहिला, त्याचं नाव ‘द फोर्ज’, म्हणजे भट्टी. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल ज्यांनी पाहिलेत, त्यांना इथं आणखी काही सांगायला नको.

पण कारखाने लिव्हरपूलमध्येही बंद पडले, मँचेस्टरमध्येही. गरिबीचं प्रमाण तिन्ही शहरांत जवळपास सारखं. तरीही २०१० च्या एका अभ्यासात ग्लासगोतले अकाली मृत्यू त्या दोन शहरांपेक्षा तीस टक्क्यांहून जास्त निघाले. लोकांनी हवामानाला दोष दिला, तळलेल्या खाण्याला दिला, दारूला दिला, ‘ग्लासगोवाल्यांचा स्वभावच असा’ म्हणून हात झटकले. संशोधकांनी मात्र जुने सरकारी कागद काढले. १९५० ते ७० च्या दशकांत सरकारनं ग्लासगोबाहेर ईस्ट किलब्राइड, कम्बरनॉल्ड अशी नवी गावं वसवली आणि शहरातली तरुण, कुशल, नोकरी असलेली कुटुंबं निवडून तिकडे नेली. नवे उद्योगही तिकडेच. शहरात राहिले म्हातारे, आजारी, बेकार. ज्यांना हलवावं लागलं त्यांच्यासाठी शहराच्या कडेला दुकान नाही, थिएटर नाही, धड बस नाही अशा वसाहती आणि उंच मनोरे. एकेकाळी अकरा लाखांचं शहर सहा लाखांच्या खाली आलं. ज्या शेजाऱ्याच्या भरवशावर पोर टाकून कामावर जाता येतं, तो शेजारी दहा मैलांवर गेला. याचा परिणाम काय होईल हे अधिकाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं, आणि ते धोरण तरीही चालू ठेवलं गेलं. हे वाचून मला जो राग आला, तो परतीच्या विमानातही ओसरला नव्हता.

भाचीच्या दवाखान्यात मी संध्याकाळी गेले, शेवटचा पेशंट गेल्यावर. साधी बसकी इमारत, निळ्या खुर्च्या, भिंतीवर लसीकरणाचे फलक. आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या बऱ्या दवाखान्यासारखंच. ती म्हणाली, “मेडिकलला असताना एक पेशंट, एक आजार असं शिकले. इथं एका खुर्चीत पाच आजार येऊन बसतात.” शुगर आहे, फुप्फुसं गेलीत, गुडघे दुखतात, झोप नाही, आणि आत कुठेतरी जगायची इच्छा विझलेली. बाई पंचेचाळीसची. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्कॉटलंडच्या अभ्यासात साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या. एकाहून जास्त जुनाट आजार जडण्याची वेळ सगळ्यांत गरीब वस्त्यांत दहा ते पंधरा वर्षं आधी येते, असं त्यात निघालं. म्हणजे पश्चिमेच्या साठीच्या माणसाची फाइल पूर्वेच्या पंचेचाळिशीच्या माणसाकडे असते. आणि डॉक्टरची वेळ? दोन्हीकडे साधारण दहा मिनिटं. जॉर्डनहिलचा पेशंट एका तक्रारीसाठी दहा मिनिटं वापरतो, तिचा पेशंट त्याच दहा मिनिटांत पाच आजार आणि एक घरातून काढल्याची नोटीस मांडतो.

दक्षिण वेल्समध्ये ग्लिनकोरुग नावाच्या खाणकामगारांच्या गावात ज्यूलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. १९७१ साली त्यांनी लिहून ठेवलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. आणि बाजाराला मोकळं सोडलं की हे आणखी वाढतं. भाचीच्या टेबलावर त्यांचं पुस्तक आहे. स्कॉटलंडमधल्या सर्वांत गरीब वस्त्यांना सेवा देणाऱ्या शंभर दवाखान्यांच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये एकत्र येऊन एक गट केला, ग्लासगो विद्यापीठाचे प्राध्यापक ग्रॅहम वॉट यांच्या पुढाकारानं. स्वतःला ते ‘डीप एंड’चे डॉक्टर म्हणवतात, तलावाच्या खोल टोकाला पोहणारे. त्यांची मागणी सोपी आहे: जिथे आजार जास्त, तिथे वेळ जास्त द्या, माणसं जास्त द्या.

त्या दवाखान्यात एक खोली मला सगळ्यांत जास्त आवडली. तिथे रक्तदाब मोजायचं यंत्र नाही की तपासणीचा पलंग नाही. एक टेबल, एक कॉम्प्युटर, फॉर्मांचे गठ्ठे. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तिथे पैशांचा सल्लागार बसतो. कुणाला अपंगत्वाचा भत्ता मिळू शकतो पण फॉर्म भरता येत नाही, कुणाचा भत्ता एक मुलाखत चुकली म्हणून बंद झाला, कुणाच्या डोक्यावर विजेची थकबाकी आहे. डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, शेजारच्या खोलीत जा. दुसरी एक बाई वस्तीशी जोडून देण्याचं काम करते: एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला सूपच्या गटात नेणं, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला सुरक्षित जागा शोधून देणं. भाची सांगत होती, काही पेशंटची नैराश्याची गोळी वाढवावी लागली नाही, त्यांचे थकलेले हप्ते मिटले आणि ते झोपू लागले. आणि ती स्वतः फूड बँकेची चिठ्ठीसुद्धा लिहिते. तीन दिवसांचं धान्य, डबे, दूध पावडर. डॉक्टरनं चिठ्ठीवर जेवण लिहून द्यावं, तेही जगातल्या श्रीमंत देशात! मी ती कोरी चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

त्या सूपच्या गटात एक आजी भेटल्या. भाची त्यांची डॉक्टर. मी भारतातून आलेली मावशी म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! “ये गं, चहा प्यायला चल,” म्हणून हाताला धरून वर घरी घेऊन गेल्या. दोन खोल्या, स्वच्छ, खिडकीत प्लास्टिकची फुलं. दाराशी विजेचं मीटर, त्याला एक किल्ली लावलेली. ती किल्ली दुकानात नेऊन पैसे भरायचे आणि परत मीटरला लावायची. पैसे संपले की दिवा जातो. मग थोडी उधार वीज मिळते, आणि पुढच्या भरण्यातून ती आधी वळती होते. आजींनी किटली लावली आणि नजर त्या छोट्या पडद्यावर ठेवली. आकडा उतरताना दिसत होता. चहा झाल्यावर त्यांनी हीटर बंद केला. बाहेर पाऊस. मग त्यांनी नातवाची खोली दाखवली. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलेलं, आणि मागे छतापासून खिडकीपर्यंत काळी बुरशी, हात लावला तर बोटाला येईल अशी. ब्लीच टाकून पुसतात, पंधरा दिवसांत परत येते. उशीखाली नातवाचा निळा पंप. सात वर्षांचा आहे, रात्री खोकून उठतो.

इंग्लंडमध्ये रॉचडेलला २०२० साली दोन वर्षांचं एक बाळ अशाच बुरशीनं गेलं. बापानं किती तक्रारी केल्या होत्या. चौकशी झाली, देश हादरला, आणि २०२३ मध्ये त्या बाळाच्या नावानं इंग्लंडमध्ये कायदा झाला की सामाजिक घरांच्या मालकांना ओल आणि बुरशी ठरावीक मुदतीत काढावीच लागेल. आजींना ही बातमी ठाऊक होती. म्हणाल्या, “आमच्या डॉक्टरीणबाई पत्रं लिहितात ना.” भाचीनं माझ्याकडे बघितलं नाही.

पार्टिकहून क्लाइड ओलांडायला २०२४ साली पायी चालायचा नवा पूल झालाय. त्यावरून आम्ही दोघी गोव्हनला गेलो, कारण मला मेरी बार्बर यांचा पुतळा बघायचा होता. २०१८ च्या महिला दिनी तो उभारला. पुढे बार्बर पाऊल टाकत निघालेल्या, मागे बायका-पुरुषांची, मुलांची रांग. १९१५ साली महायुद्धाच्या कारखान्यांसाठी कामगार शहरात ओतले गेले तेव्हा घरमालकांनी भाडी वाढवली, नवरे आघाडीवर असलेल्या बायकांचीसुद्धा. बार्बर यांच्या पुढाकारानं गोव्हनच्या बायकांनी भाडेवाढ द्यायचं नाकारलं. जप्तीचा माणूस आला की घंटा वाजायची, जिने भरून जायचे, वरून पीठ आणि ओली फडकी यायची. नोव्हेंबरपर्यंत संपात वीस हजारांच्या आसपास घरं होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेला भाडं गोठवणारा कायदा करावा लागला. पुढे बार्बर नगरसेविका झाल्या आणि सार्वजनिक स्नानगृहं, धुण्याची केंद्रं, बालसंगोपन केंद्रं, शाळेच्या मुलांना फुकट दूध यांच्यासाठी भांडल्या. आरोग्य सेवा सुरू व्हायला तेव्हा अजून कितीतरी वर्षं होती. डॉक्टर नसलेल्या या बाईला पोरांची फुप्फुसं कुठे बिघडतात हे पक्कं माहीत होतं.

पुतळ्याच्या चौथऱ्यापाशी बसून भाचीनं फोन काढला आणि मला पत्र वाचून दाखवलं. आजींच्या नातवाचं. घरमालक संस्थेला पाठवलेल्या आधीच्या पत्रांना उत्तर नव्हतं, म्हणून यात तिनं मुलाच्या खोकल्याच्या रात्री तारखांसकट लिहिल्या होत्या, आणि भिंतीचा फोटो जोडला होता. मी म्हटलं, “कडक लिही जरा.” ती म्हणाली, “कडकच आहे मावशी. आणि उद्या सकाळी नऊच्या ठोक्याला मी तिथे फोन लावणारे. साडेनऊला लावला तर कुणी उचलत नाही.”